सुईतलं दुसरं औषध

मागच्या जानेवारीतली गोष्ट. रात्रीचे आठ वाजत आले होते, बाहेर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि मी दवाखान्याचं दार लोटून घेणार इतक्यात एक बाई आत आल्या. केसांत पाचटाचे तुकडे अडकलेले, उजवं कोपर डाव्या तळहातात धरलेलं. सोबत दहा-बारा वर्षांचा मुलगा आणि त्याच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. बीडहून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळीतल्या होत्या. वयानं माझ्याहून लहानच असतील, पण उन्हानं चेहरा असा काही केला होता की माझ्या तोंडून 'मावशी' निघून गेलं आणि पुढे तेच राहिलं.

"ताई, तेवढी सुई द्या. मागच्यावानी. सकाळी फडात जायचंय."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कराडच्या या भागात सतरा वर्षं काम करते. मी सुई देत नाही, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मग मुलानं पिशवीतून कागद काढून टेबलावर मांडले. चार चिठ्ठ्या होत्या. एक नोव्हेंबरातली, दोन डिसेंबरातल्या, एक जानेवारीतली. दवाखाने दोन वेगळे, पण ओळ चारही ठिकाणी एकच: ट्रायमसिनोलोन ४० मिलिग्रॅम, लिग्नोकेन २ टक्के.

"पहिली महिनाभर पुरली. दुसरी पंधरा दिस. ही शेवटची तर आठ दिस बी न्हाई पुरली. पर ताई, सुई दिल्या दिल्या हात असा हलका होतो, जणू दुसऱ्याचाच."

मी मूठ वळायला सांगितली आणि मनगट वर उचलायला लावून वरून नुसता दोन बोटांचा दाब दिला. त्या कळवळल्या. पाण्याचा स्टीलचा पेला उजव्या हातानं धरवत नव्हता. त्याच हातानं दिवसभर कोयता चालवायचा होता.

दुखणं साधंच, सगळ्यांना ठाऊक असलेलं. आपण त्याला टेनिस एल्बो म्हणतो, पण माझ्याकडे टेनिस खेळणारा माणूस सतरा वर्षांत एकदाच आला. बाकी सगळे कोयत्यावाले, गवंडी, सुतार, दिवसभर पिळे काढणाऱ्या धुणंवाल्या. मनगट मागे खेचणारे जे स्नायू असतात त्यांची कंडरा, म्हणजे टेंडन, कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेली असते. तिथे ती झिजते. लोक 'शीर धरली' म्हणतात, 'नस भरली' म्हणतात. शीर नाही आणि नसही नाही. दोरखंडासारखी वळलेली, पांढरी, चिवट कंडरा आहे ती.

आणि या कंडरेत जिवंत पेशी असतात. मला हेच लिहायचं आहे, कारण सुईतल्या स्टिरॉइडबद्दल, म्हणजे चिठ्ठीतल्या ट्रायमसिनोलोनबद्दल, आता बरेच जण बोलतात, रुग्णसुद्धा विचारतात, "स्टिरॉइड तर नाही ना?" पण त्याच सिरिंजमध्ये असलेल्या दुसऱ्या औषधाबद्दल, भुलीच्या औषधाबद्दल, म्हणजे लिग्नोकेनबद्दल, कोणी काही विचारत नाही. मीसुद्धा कित्येक वर्षं विचारलं नव्हतं.

ते तिथे असतं याला चांगली कारणं आहेत. सुईचं दुखणं कमी होतं. स्टिरॉइड थोडं पातळ होऊन पसरतं. आणि डॉक्टरला लगेच कळतं की सुई बरोबर जागी गेली: दोन मिनिटांत दुखणं थांबलं तर जागा बरोबर. लिग्नोकेन हे काही परवाचं औषध नाही. स्टॉकहोममध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते १९४३ मध्ये तयार केलं, १९४८ मध्ये बाजारात आलं, आणि तेव्हापासून जगात दात काढताना, टाके घालताना, किती माणसांच्या वेदना त्यानं वाचवल्या असतील याची मोजदाद नाही. फडात कोयता बोटावर बसला की आमच्या ग्रामीण रुग्णालयात लिग्नोकेन टोचूनच टाके पडतात. त्या औषधाविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्याला सरसकट वाईट म्हणण्यासाठी हे लिहीत नाही.

पण ते काम कसं करतं ते पाहिलं की मन जरा थबकतं. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमची दारं असतात. ती उघडली की वेदनेचा संदेश पुढे जातो. लिग्नोकेन ही दारं बंद करतं, आणि बाहेरून नव्हे, आतून. म्हणजे त्याला आधी पेशीच्या स्निग्ध आवरणातून आत शिरावं लागतं. आत शिरण्याची ही ताकद फक्त मज्जातंतूपुरती नसते. शेजारी जी पेशी असेल तिच्यातही ते शिरतं. आणि कंडरेत सुई गेली तर शेजारी असते ती कंडरेची पेशी, टेनोसाइट.

ही पेशी मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. माझी वसतिगृहातली मैत्रीण पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करायची. आठेक वर्षांपूर्वी एका शनिवारी तिच्याकडे गेले होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत मांडीमागची कंडरा काढून लिगामेंटच्या जागी बसवतात, त्यातला उरलेला बारकासा तुकडा रुग्णाच्या संमतीनं त्यांच्याकडे येई, आणि त्यातून त्या पेशी वाढवत. सदतीस अंशांवर, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, गुलाबीसर पोषकद्रवात, आडव्या ठेवलेल्या चपट्या बाटल्यांमध्ये. तिनं एक बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि म्हणाली, "बघ, तुझ्या पेशंटांच्या पेशी."

चरख्याच्या चातीसारख्या दिसल्या. मध्ये थोड्या फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या. एकटी पेशी असेल तिथे ती इकडेतिकडे पाय पसरून बसलेली, पण जिथे दाटी झाली होती तिथे सगळ्या एका दिशेला कललेल्या, ओढ्याच्या पाण्याखाली गवत झोपतं तशा. बाटलीत ओढ नाही, वजन नाही, तरी त्या रांग धरत होत्या. मी बराच वेळ डोळा लावून बसले. इतकी वर्षं रुग्णांच्या कोपराला, टाचेला, खांद्याला हात लावत होते, आणि आत हे काम करणारं कोण आहे ते पहिल्यांदा दिसलं.

संख्येनं त्या फार थोड्या असतात. कंडरा वाळवली तर तिच्या वजनातला बहुतेक भाग कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे दोरच. त्या दोरांच्या मधल्या फटींत या मूठभर पेशी लांबलचक होऊन पडलेल्या असतात. रक्तपुरवठा बेताचा. पण तो दोर वळणाऱ्या, तुटलेला धागा काढून नवा घालणाऱ्या त्याच. गेल्या तर त्यांच्या जागी नवे कारागीर पटकन येत नाहीत.

मग मैत्रिणीनं टाकून द्यायच्या दोन बाटल्या घेतल्या. एकीत नुसतं सलाइन घातलं, दुसरीत लिग्नोकेन, द्रवाचं प्रमाण एक टक्का होईल इतकं. वीस-पंचवीस मिनिटांनी पाहिलं. सलाइनच्या बाटलीत फारसा फरक नव्हता. दुसरीत पेशींनी टोकं आत ओढून घेतली होती. तासाभरात पुष्कळशा गोल झाल्या आणि तळ सोडून तरंगायला लागल्या. तिनं थेंबभर निळा रंग घातला. जिवंत पेशी हा रंग आत येऊ देत नाही; आवरण फाटलेली मेलेली पेशी निळी होते. निळ्या ठिपक्यांनी सगळं भरलं. ती म्हणाली, "हा प्रयोग म्हणायचा नाही हं. प्रयोग म्हणजे कितीतरी वेळा करायचा, मोजायचा, दुसऱ्याच्या पेशींवरही करायचा." मी मान हलवली, पण तो निळा रंग डोळ्यांपुढून गेला नाही.

नंतर वाचायला लागले. शिस्तीनं केलेले प्रयोग आधीच झालेले होते: गाईच्या कंडरेच्या पेशींवर, माणसाच्या खांद्यातल्या रोटेटर कफच्या, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या कंडरांच्या, पेशींवर, उंदरांच्या टाचेच्या कंडरेवर. सूर साधारण एकच. लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन ही भुलीची दोन्ही औषधं या पेशींना मारतात, आणि प्रमाण जितकं जास्त, संपर्काचा वेळ जितका जास्त, तितक्या जास्त पेशी मरतात. पेशीच्या आत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं काम बिघडतं, ऑक्सिजनचे उपद्रवी कण साठतात आणि पेशी स्वतःच आवरतं घेते. रोपिव्हाकेन हे तिसरं भुलीचं औषध, विशेषतः ०.२ टक्क्यांचं, या तिघांत त्यातल्या त्यात सौम्य ठरलं. २०१३ मध्ये आलेल्या उंदरांवरच्या अभ्यासात बुपिव्हाकेनच्या एका सुईनंतर कंडरा काही काळ ताणाला कमजोर झाल्याचं दिसलं. काही काळच, हेही तितकंच महत्त्वाचं.

बाटली म्हणजे शरीर नव्हे, हे मी स्वतःला वारंवार सांगते. बाटलीत पेशी औषधात बुडून राहतात. शरीरात औषध पसरतं, रक्त ते वाहून नेतं, जाड कोलॅजेन त्याला अडवतं. एकदा सुई घेतली म्हणून कंडरा तुटली असं काही होत नाही. दाताच्या दवाखान्यातली सुई कंडरेत जातच नाही, तिची धास्ती घेऊ नका. शस्त्रक्रियेसाठी काखेत किंवा मानेजवळ नस बधिर करतात, तीही कंडरेपासून लांब असते.

तरी कूर्चेची, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीची, गोष्ट विसरता येत नाही. खांद्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दुखू नये म्हणून सांध्यात बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस भुलीचं औषध थेंब थेंब सोडत राहायचं, अशी पद्धत अमेरिकेत रुळली होती. हेतू दयेचाच होता. काही महिन्यांत त्यांतल्या काही जणांच्या खांद्यातली कूर्चा विरघळल्यासारखी नाहीशी झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं अशा ३५ रुग्णांचा हवाला देऊन इशारा काढला, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली होती, काहींना तर सांधाच बदलावा लागला. तिथेही औषध तेच होतं, वर्षानुवर्षं निर्धोक समजलेलं. फरक पडला तो किती वेळ आणि किती, यानं.

म्हणून मावशींच्या चार चिठ्ठ्यांकडे पाहताना माझ्या पोटात कालवलं. दहा आठवड्यांत चार वेळा, त्याच बोटभर जागेत, दोन टक्क्यांचं लिग्नोकेन आणि वर स्टिरॉइड. दोन टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये वीस मिलिग्रॅम.

स्टिरॉइडचा हिशोब वेगळा आहे आणि तो चांगला तपासलेला आहे. ऑस्ट्रेलियात टेनिस एल्बोच्या १६५ रुग्णांवर झालेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. स्टिरॉइडची सुई घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचं दुखणं बरं होऊन वर्षभरात पुन्हा उलटलं. खोटी, म्हणजे औषध नसलेली, सुई घेतलेल्यांत १२ टक्के लोकांचं. पहिल्या महिन्यात सुईवाले पुढे होते, वर्षाच्या शेवटी मागे पडले. हा आकडा भुलीच्या औषधाच्या माथी मी मारणार नाही, ती चाचणी त्याची नव्हती. पण मावशींच्या तोंडून मी तेच ऐकत होते: महिना, पंधरा दिवस, आठवडा.

आणि या सगळ्याहून मला जे जास्त खुपतं ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं आहे. सुई संध्याकाळी, फड पहाटे. कंडरेवर भारी काम पडलं की पहिले चोवीस ते छत्तीस तास आतल्या कोलॅजेनची भर कमी आणि तूट जास्त असते. त्यानंतर पेशी भरून काढतात. म्हणजे या पेशींना दीड दिवस हवा असतो. सुई घेतलेल्या माणसाचं काय होतं? ज्यांनी भरून काढायचं त्या पेशी आधीच औषधानं घायाळ. 'थांब' म्हणणारी वेदना स्टिरॉइडनं गप्प. आणि हात पहाटेपासून कोयत्यावर. हलका वाटणारा हात बरा झालेला हात समजून त्या दुप्पट जोरानं तोडत होत्या, मागचे खाडे भरून काढायला.

डेन्मार्कमधल्या एका अभ्यासानं मला या बाबतीत फार अस्वस्थ केलं. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे जगाच्या हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता. तो अन्नातून सगळ्यांच्या शरीरात गेला. त्याचं प्रमाण मोजून तिथल्या संशोधकांनी टाचेच्या कंडरेचं वय काढलं. तिच्या गाभ्यातलं कोलॅजेन माणसाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत बनतं, पुढे जवळजवळ बदलतच नाही. ही टाचेची गोष्ट, कोपराची नव्हे. पण मावशींनी कोयता हातात घेतला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या, हे त्यांनीच सांगितलं, आणि माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्या त्या बसल्याच.

त्या रात्री मी त्यांना काय सांगायचं? सुट्टी घ्या? उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, एका दिवसाचा खाडा म्हणजे मजुरी जाऊन वर दंड. विश्रांतीचा सल्ला देणं मला सोपं आहे, त्यांना तो परवडत नाही. म्हणून आधी कोयता आणायला सांगितला. मुलगा धावत जाऊन घेऊन आला. मूठ बारीक, घासून गुळगुळीत झालेली. बारीक मूठ धरायला बोटं जास्त आवळावी लागतात, आणि आवळलं की तीच कंडरा ताणली जाते. सायकलची जुनी ट्यूब चिरून मुठीवर गुंडाळली, वर सुती चिंधी बांधली. मूठ हातात भरून बसली. कोपराच्या दोन बोटं खाली बांधायचा पट्टा दिला. हात टेबलाच्या कडेखाली धरून मनगट न हलवता वर दाबायचं, पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा, सकाळी आणि रात्री. दुखणं कमी झालं की अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन मनगट सावकाश खाली सोडायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांचे मालक, म्हणजे नवरा, आले, टोळीच्या मुकादमाला घेऊन. मुकादम तडकून बोलेल अशी मी तयारी ठेवली होती. पण त्याचंही कोपर गेलेलं होतं, दहा वर्षांपूर्वी, त्याच कामात. त्यानं बाहीच वर करून दाखवली. कोपराच्या हाडाशी रुपयाएवढी जागा पांढरी पडलेली, कातडी पातळ होऊन आत बसलेली. स्टिरॉइडच्या सुया एकाच ठिकाणी दिल्या की अशी खूण राहते. "सात घेतल्या," म्हणाला. तीन आठवडे मावशींनी तोडायचं नाही, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचं आणि मोळ्या बांधायला डावा हात वापरायचा, असं त्यानंच ठरवलं. खाडा लावला नाही.

मी आठवड्यातले दोन दिवस एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे काम करते. त्यांच्याशी बोलायला मला दोन दिवस लागले. "सर, सुईतलं लिग्नोकेन कमी करता येईल का?" त्यांनी का विचारतेस म्हटलं, मी वाचलेलं सगळं सांगितलं, पुण्याच्या बाटल्यांसकट. ते लगेच पटलं म्हणाले नाहीत. "पेशंटला दुखलं तर तो परत येणार नाही," हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. आठवड्यानं त्यांनी स्वतः वाचून पद्धत बदलली. आता एक टक्क्याचं घेतात, अगदी थोडं, आणि मुख्यतः कातडीखाली. कंडरेच्या आत जाऊ नये म्हणून सोनोग्राफीवर पाहून सुई घालतात. एका हंगामात त्याच जागी दुसरी सुई देत नाहीत. रक्तातल्या प्लेटलेट्स काढून टोचण्याचा महागडा उपचार करतात तेव्हा त्या सिरिंजमध्ये भुलीचं औषध मिसळत नाहीत, कारण माणसाच्या कंडरेच्या पेशींवर पाहिलं तर प्लेटलेट्सनी मिळणारा फायदा या औषधानं घटतो.

मी माझ्या बाजूनं एवढंच केलं: रुग्णाला देते त्या कार्डावर एक रकाना वाढवला. सुई कधी, कुठे, कोणती. टोळ्या गावं बदलतात, दवाखाने बदलतात, चिठ्ठ्या पावसात भिजतात. नव्या डॉक्टरला आधीच्या तीन सुया ठाऊकच नसतात. मावशींच्या कार्डावर मी चारही तारखा लिहिल्या आणि मुलाला वाचून दाखवल्या. "सुई घ्यायची वेळ आली तर नको म्हणायलाच पाहिजे असं नाही," मी म्हटलं, "पण हे कार्ड आधी पुढं करायचं आणि सुईत काय काय आहे ते विचारायचं." त्यानं विचारलं, "डाक्टर रागावले तर?" मी म्हटलं, रागावले तरी विचारायचं.

मार्चच्या शेवटी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळी गावी गेली. मावशींचं कोपर तेव्हा पूर्ण बरं नव्हतं. पेला धरत होत्या, भरलेली कळशी नव्हे.

नोव्हेंबरात त्या पुन्हा आल्या, त्याच वेळेला, तोच मुलगा सोबत, वीतभर उंच झालेला. कार्ड प्लास्टिकच्या दोन कागदांत घालून चारही बाजूंनी शिवलेलं होतं. मी उसवून पाहिलं. माझ्या चार ओळींखाली पाचवी ओळ होती, पेन्सिलीनं, मुलाच्या अक्षरात. भाद्रपदात गावी सोयाबीन काढताना हात धरला होता. तारीख, गावाचं नाव, आणि पुढे औषधाच्या खोक्यावरचं नाव एकेक अक्षर पाहून उतरवलेलं. त्याखाली त्यानं आणखी लिहिलं होतं: 'दुसरं औषध १ टक्का. थोडंच घातलं. मी विचारलं.'